फळ न धरणाऱ्या कलमाचे टाळे

ज्या झाडाला फळ धरत नाही, त्याचे टाळे देवाच्या कलशावर ठेवावेत की नाही? भिक्षुकाला असले प्रश्न उभ्याउभ्या विचारले जातात आणि उत्तरही उभ्याउभ्याच द्यावं लागतं. मी आंबोलीत राहतो. चौकुळ, गेळे आणि घाट उतरून दाणोलीपर्यंत माझी यजमानांची घरं आहेत. एका वास्तुशांतीला या प्रश्नाचं उत्तर मी दोन वाक्यांत दिलं. मुहूर्त साधायचा होता, त्यामागचा विचार सांगायला सवड नव्हती. तो विचार आता सावकाश मांडतो, कारण त्या प्रश्नात एका झाडापेक्षा पुष्कळ जास्त काही अडकलेलं आहे.

घर आंबोलीतलंच. परसात हापूसचं एक कलम आहे. यजमानांच्या मामांनी ते वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्यातल्या आपल्या बागेतून आणून दिलेलं. झाड डेरेदार वाढलं आहे. माघात मोहोर येतो, धुक्यात काळा पडतो आणि गळून जातो. बोराएवढी कैरीही टिकत नाही. त्या दिवशी घरातली सून याच कलमाचे टाळे घेऊन आली. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मूल नाही. मी कलश मांडत होतो. एवढ्यात यजमानांच्या थोरल्या काकी म्हणाल्या, "भटजीनू, त्या कलमाचे टाळे कलशार नको. ता वांझोटा आसा. रायवळाचे हाडूया." सुनेने काही न बोलता हातातले टाळे केळीच्या पानाआड सरकवले.

मी म्हटलं, "काकीनू, हेच टाळे ठेवया. शास्त्राक चलतत." आणि सुनेला सांगितलं, तुमच्याच हाताने ठेवा.

हे मी दयेपोटी केलं असं कोणाला वाटू नये. मला ते शास्त्राच्या आणि झाडाच्या, दोन्ही दृष्टींनी बरोबर वाटलं होतं आणि अजूनही वाटतं. सावंतवाडीच्या पंचम खेमराज महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकलो आणि घरी वडिलांकडून याज्ञिकी. दोन्ही विद्यांनी मला पान हातात घेऊन नीट बघायला शिकवलं. म्हणून आधी पानाबद्दल.

मामांच्या बागेतलं मूळ झाड मी ओळखतो, कारण त्या घरीही मला पूजेला बोलावतात. एकदा तिथलं एक जून पान आणि आंबोलीच्या कलमाचं एक जून पान असं दोन्ही पाटावर शेजारी ठेवून पाहिलं. उभादांड्याचं पान जाड, ताठ, चामड्यासारखं. मधोमध दुमडलं तर कट्‌कन मोडतं. टोक खाऱ्या वाऱ्याने करपून तपकिरी झालेलं. आंबोलीचं पान हाताला मऊ. ते जास्त रुंद आहे, रंग काळपट हिरवा, कडा लाटेसारख्या, टोक लांब निमुळतं. उजेडासमोर धरलं तर शिरांची जाळी स्वच्छ दिसते. वरच्या बाजूला शेवाळाचा एक पुसट थर होता, अंगठ्याने पुसता येण्याजोगा. काही पानांवर तांबेऱ्याचे गोल ठिपकेही असतात. टाळे निवडताना ती पानं मी वगळतो.

अनोळखी माणसाला ही दोन पानं दाखवली, तर दोन वेगळ्या जातींची म्हणेल. पण दोन्ही चुरगळून नाकाशी धरा. वास एकच येतो: चिकाचा, किंचित तिखट, हापूसच्या पानाचा. शेजारच्या रायवळाचं पान चुरगळलं तर वास निराळा.

इथे दोन प्रकारचे भेद आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. एक भेद जातीचा. हापूस, पायरी, मानकूर, नीलम, केशर यांच्या पानांचा घाट, कोवळ्या पालवीचा रंग, चुरगळल्यावरचा वास हे जातीगणिक बदलतं. २००१ च्या कायद्यानुसार पिकाच्या नव्या वाणाची नोंदणी होते तेव्हा आंब्याच्या बाबतीत पानाची लक्षणंही तपासली जातात. हा भेद बीजातून येतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ दिला, पुढे रत्ना आणि हापूस यांच्यापासून पातळ कोयीचा ‘सिंधू’ दिला. ही नवी जात घडवण्याची गोष्ट. दुसरा भेद जागेचा. तो एकाच जातीत, एकाच झाडाच्या दोन कलमांतही दिसतो.

हापूसच्या बाबतीत हा दुसरा भेद फार स्पष्ट कळतो, कारण हापूसची कोय पेरली तर हापूस येत नाही, रायवळ येतो. हापूस वाढतो तो कलमानेच. पोर्तुगीज काळापासून कोकण-गोव्यात डहाळीवरून डहाळी चालत आली आहे. उभादांड्याचं झाड आणि आंबोलीचं कलम यांच्यात आई आणि मुलीइतकंही अंतर नाही. एकच जीव दोन ठिकाणी उभा आहे म्हटलं तरी चालेल. मग पान वेगळं का?

दोन्ही गावांत पन्नास-साठ किलोमीटरचं अंतर. वेंगुर्ल्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस, आंबोलीत सात हजारांच्या आसपास. वेंगुर्ले समुद्राकाठी, आंबोली ६९० मीटर उंचीवर. किनाऱ्यावर चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन, वारा, मीठ. तिथल्या पानाला उजेडाची ददात नाही, पाणी मात्र जपून वापरायचं आहे. म्हणून पेशी एकावर एक थरांनी रचलेल्या, वरचं मेणचट आवरण जाड. आंबोलीत पाण्याला तोटा नाही. जून ते सप्टेंबर सूर्य क्वचित दिसतो आणि एरवीही सकाळ धुक्यात जाते. तिथलं पान पातळ आणि रुंद होऊन मिळेल तेवढा उजेड गोळा करतं, आणि निमुळत्या टोकावरून पाणी ओघळवून टाकतं. लातूरकडे केशरच्या बागा मी चैत्रात पाहिल्या आहेत. तापलेल्या वाऱ्यात तिथली पानं मधल्या शिरेशी दुमडून उभी होती, उन्हाला कमीत कमी अंग देत. जिथे ज्याची टंचाई, तिथे पान त्यासाठी झटतं.

हे आंब्यापुरतं नाही. जगभरातल्या ७,६७० जातींच्या पानांचा अभ्यास २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. पानाचा आकार ठरण्यात पाऊसपाणी आणि दिवसाची तलखी यांच्याबरोबर रात्रीच्या गारठ्याचाही मोठा वाटा असल्याचं त्यात दिसलं. खोड आणि मूळ ही झाडाची जुनी कमाई. पान मात्र दर पालवीला नव्याने त्या गावच्या हवेशी बोलून ठरतं. मामांनी कलम आणून लावलं तेव्हा त्यावरची पानं किनाऱ्याची होती, जाड आणि आखूड. ती यथावकाश गळली. पुढच्या पालवीपासून पानं आंबोलीची झाली.

पूजेत मी पहिल्यांदा संकल्प सांगतो. त्यात आधी काळ आणि स्थळ येतं: कोणतं द्वीप, कोणतं क्षेत्र, कोणत्या नदीचा कोणता तीर, कोणतं संवत्सर, कोणती तिथी. मग गोत्र, आणि त्यानंतर यजमानाचं नाव. यजमान कितीही मोठा असो, आपण कुठे आणि केव्हा उभे आहोत हे सांगितल्याशिवाय त्याच्या नावाला पूजेत जागा नाही. ही रचना करणाऱ्यांना ठाऊक होतं की कोणतंही कर्म हवेत होत नाही, ते एखाद्या जागी होतं आणि ती जागा कर्माचा भाग असते. झाडाचं पान मला असंच वाटतं: झाडाने केलेलं देशकालाचं उच्चारण. म्हणून ज्या गावात पूजा, त्या गावचं पान हवं. उभादांड्याहून सुंदर टाळे पेटीत घालून आणले तरी आंबोलीच्या वास्तूला आंबोलीचंच पान शोभतं.

आता काकींच्या आक्षेपाकडे येतो, कारण तो टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं असं की कलश हे भरलेपणाचं चिन्ह आहे. घर भरावं, गोकुळ व्हावं म्हणून पूजा. मग ज्याला फळ नाही त्याचं पान तिथे कशाला? सिंधुदुर्गात हापूस हा कुटुंबाचा पोटाचा आधार आहे. झाड किती पेट्या देतं यावर त्याची किंमत. त्यामुळे फळ न देणारं झाड ‘गेलेलं’ वाटणं स्वाभाविक आहे आणि तसं बोलणाऱ्या बागायतदाराला मी दोष देत नाही. त्याच्या मुलांची शाळा त्या पेट्यांवर चालते. पण बागेचा हिशेब आणि कलशाचा हिशेब एक नाही.

कलशाकडेच बघा. तांब्यात पाणी असतं, आमच्याकडे हिरण्यकेशीचं. त्यावर टाळे. टाळ्यांवर नारळ. फळ तिथे आहेच, सगळ्यांच्या वर बसलेलं. पाण्याने पाण्याचं काम करायचं, पानाने पानाचं, फळाने फळाचं. नारळ ठेवताना त्या माडाची पानं हिरवी होती का, असं कोणी विचारत नाही. मग पानालाच फळाचा दाखला का मागायचा? पानाकडून मागितलं जातं ते इतकंच: ताजं असावं, फाटलेलं नसावं, किडीने खाल्लेलं नसावं. त्या कलमाची पानं या कसोटीला पुरेपूर उतरत होती. काकींनी रायवळाचे टाळे सुचवले. पण मीमांसकांचा नियम असा की मुख्य द्रव्य मिळत नसेल तरच प्रतिनिधी घ्यावा. दारात आंब्याचे अखंड टाळे असताना दुसरे शोधायला जाण्याचं कारणच नव्हतं.

आपल्या ग्रंथांनी पानाला कमी लेखलेलं नाही. गीतेच्या पंधराव्या अध्यायातला अश्वत्थ उलटा आहे, मुळं वर आणि फांद्या खाली. त्याची पानं म्हणजे वेदांचे छंद असं तिथे म्हटलं आहे. शंकराचार्य भाष्यात सांगतात की पानं जशी झाडाचं रक्षण करतात, तसं वेद संसारवृक्षाचं रक्षण करतात. वेदांना जागा मिळाली ती पानांची. महाभारताच्या शांतिपर्वात भृगू भरद्वाजाला झाडांना जीव आणि संवेदना आहे हे पटवून देतो, तेव्हा त्याने दिलेला एक पुरावा पानाचाच आहे: उष्म्याने पान कोमेजतं, त्याअर्थी झाडाला स्पर्श कळतो. त्या संवादकर्त्याने पानाकडे माझ्या प्राध्यापकांइतक्याच बारकाईने पाहिलं होतं.

आणि फळाची वाटही पानातूनच जाते. आंब्याला मोहोर यायला थंडी लागते. ती थंडी झाडाला कळते पानांतून. साल कोरून बाकी झाडापासून वेगळी केलेली आणि पानं खुडलेली डहाळी थंडीतही मोहोरत नाही, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. आंबोलीच्या त्या कलमाला दरवर्षी मोहोर येतो. याचा अर्थ पानांनी आपलं काम चोख केलेलं असतं. पुढे धुकं आणि दमट गारवा यांत भुरी आणि करपा वाढतात आणि मोहोर जळतो. फळबागांचं शास्त्र सांगतं की आंब्याची फायद्याची लागवड साधारण ६०० मीटर उंचीपर्यंतच होते. आंबोली त्याच्या वर आहे. मामांनी भाच्यावरच्या मायेने कलम आणलं. उंची मोजायचं त्यांच्या मनात आलं नसणार.

तेव्हा दोष कोणाचा? झाडाचा म्हणावा तर त्याच झाडाचे भाऊबंद उभादांड्यात फळांनी वाकलेले आहेत. धुक्याचा म्हणावा तर त्याच धुक्यात जांभूळ आणि अंजनी सुखाने फुलतात-फळतात, आणि त्या धुक्या-पावसावरच हिरण्यकेशी वाहते. दोष ठेवायला जागाच सापडत नाही. एक झाड आणि एक डोंगर यांची गाठ पडली, त्यातून रुंद हिरवं पान आलं आणि फळ आलं नाही, एवढंच घडलं आहे.

आमच्या कर्मविपाकाच्या पोथ्यांत निपुत्रिकपणाला गेल्या जन्मीचं पाप हे कारण दिलेलं असतं, आणि पुष्कळ भिक्षुक ते यजमानाच्या तोंडावर सांगतात. मला त्यांच्यापुढे हे कलम ठेवायचं आहे. बीज एक, आई एक, पूर्वसंचित म्हणाल तर तेही एकच, कारण जीवच एक. तरी एकीकडे फळ आहे आणि दुसरीकडे नाही. म्हणजे फळ नसणं ही कोणाच्या संचितावर मारलेली मोहोर होऊ शकत नाही. माणसाच्या देहात तर झाडापेक्षा कितीतरी जास्त कारणं गुंतलेली असतात, नवऱ्याच्या देहातलीही. आणि बोल मात्र एका सुनेवर येतो. कर्मसिद्धान्त मी मानतो. पण तो आपल्या पुढच्या पावलाची जबाबदारी घेण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या रित्या ओटीचा अर्थ लावण्यासाठी नाही.

कोणी विचारेल, सगळं जागेवर सोडलं तर झाडाचं स्वतःचं असं काय उरलं? छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला वडाचं फळ फोडायला लावतो, मग त्यातलं बी फोडायला लावतो. आत काही दिसत नाही, आणि त्या न दिसणाऱ्यातूनच एवढा वड उभा आहे असं तो सांगतो. ते खरंच आहे. त्या दोन पानांत वास एकच येत होता, म्हणजे काहीतरी घाट चढून आलं आणि बदललं नाही. पण त्या न दिसणाऱ्याला दिसायचं असेल तर कुठल्यातरी मातीत, कुठल्यातरी पावसात पान होऊनच दिसावं लागतं. उद्दालकाने बी दाखवलं. मी त्याच्या शेजारी पान ठेवतो. आतलं टिकवून बाहेरच्याला उत्तर देत राहणं, यालाच मी स्वधर्म समजतो. आंबोलीच्या कलमाने किनाऱ्याच्या पानाचा हट्ट धरला असता तर पहिल्या दोन पावसांत ते कुजलं असतं. आणि वास सोडला असता तर ते हापूस राहिलं नसतं. त्याने दोन्ही सांभाळलं. त्या घरातली सूनही आपलं माहेर न विसरता त्या घराचं सगळं करते. म्हाताऱ्या काकींचं औषधपाणीसुद्धा तीच बघते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिचा धर्म अपुरा आहे असं म्हणायला मला कोणतंही शास्त्र आधार देत नाही.

माझ्याबरोबरच्या भिक्षुकांना माझी विनंती आहे. बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, हळदीकुंकू या वेळी मूल नसलेल्या बाईला आणि विधवेला मागे थांबवलं जातं. तेव्हा आपण ‘घरच्यांची रीत’ म्हणून गप्प बसतो. आपण गप्प बसलो की रीतीला शास्त्राचं वजन येतं. आपण एक वाक्य बोललो तर ते वजन निघून जातं, हे मी एकापेक्षा जास्त घरांत अनुभवलं आहे. काकींनीही त्या दिवशी वाद घातला नाही. "शास्त्राक चलता तर ठेव गो," एवढंच त्या सुनेला म्हणाल्या. त्यांना शास्त्र मोडायचं नव्हतं, फक्त ते कोणीतरी नीट सांगायला हवं होतं.

पूजेच्या साहित्याची यादी मी यजमानाला आधी लिहून देतो. त्यात पूर्वी नुसतं ‘आंब्याचे टाळे’ लिहायचो. आता लिहितो: ‘आंब्याचे टाळे, ताजे व अखंड, परसातल्या कोणत्याही आंब्याचे, घरातल्या कोणाच्याही हातचे.’ कोणी कारण विचारलं तर वर लिहिलेलं सगळं सांगायला मी बसतो, मुहूर्ताला थोडा उशीर झाला तरी.